मयतीच्या ठेक्यावरची वरात

कलावंत जातो, कला मागे उरते. हे वाक्य मी आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक शोकसभांत ऐकलं आहे, आणि ते म्हणताना वक्त्याचा आवाज नेमका कुठं कापतो हेही आता मला पाठ झालं आहे. माझ्या घरमालकांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झाला. त्यांची कला त्यांच्या हयातीतच त्यांना सोडून निघून गेली, पुण्यामुंबईला फिरून आली, दुबईतल्या कुठल्याशा गणपतीतही वाजली. मागे उरले ते मालक. आणि ते लग्नसराईत दिवसातून दोन-दोनदा आंघोळ करायचे.

आंघोळीचं आधी सांगतो, कारण भाडेकरू म्हणून माझी त्यांच्याशी पहिली कुरबूर त्यावरूनच झाली. मी सिरसाळ्याला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायचो आणि तिथून जवळच्या एका गावात त्यांच्या घरी खोली घेऊन राहायचो. गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. अंगणात एक निळं पिंप होतं, त्यावर दोन्ही बिऱ्हाडं चालायची. एकदा कॉलेजला जायच्या आधी मी बादली घेऊन गेलो तर पिंपाचा तळ दिसत होता. मालकांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, विचारलं.

"लग्न होतं ना काल लॉन्सवर," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा आंघोळ केली."

"लग्नाला गेले होते?"

"जात्यात कुठं. गाणं आयकू आलं."

ओढ्याच्या पलीकडं एक मंगल कार्यालय होतं, ज्याला सगळे लॉन्स म्हणत. तिथं नवरदेव मांडवात येताना एक ठरलेलं गाणं वाजायचं. ते वाजलं की मालक बाजेवरून उठायचे, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता अंगणातच डोक्यावरून पाणी ओतून घ्यायचे, कडुलिंबाचा पाला चावून थुंकायचे आणि मग घरात जायचे. मयतीहून आलेला माणूस करतो, अगदी तसं. ज्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी एक लग्न असेल त्या दिवशी माझी आंघोळ बुडायची.

"गाणं केलं ह्यांनी," मावशी म्हणायच्या, "आन पाणी वाहती मी."

खोली मला त्यांनीच का दिली, तेही सांगायला हवं. मी गावात खोली शोधत फिरलो तेव्हा बऱ्याच खोल्या रिकाम्या होत्या. माझं आडनाव ऐकल्यावर त्या एकामागून एक भरत गेल्या. शेवटी गावाच्या खालच्या अंगाला, जिथल्या घरांत हलगी पिढीजात टांगलेली असते, तिथं मालक भेटले. त्यांनी आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "सर, वाजवल्यालं चालंल का?" मला वाटलं, भजन असेल. मी हो म्हणालो.

ते भजन नव्हतं. मालकांकडं एक बेंजो होता. ज्यांनी लग्नातली बेंजो पार्टी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या, आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. तो रिक्षाच्या जुन्या बॅटरीवर चालणाऱ्या एका अॅम्प्लिफायरला जोडलेला असे, आणि अॅम्प्लिफायर एका भोंग्याला. भोंगा आतून फाटलेला होता. त्यातून सूर यायचा तो पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. त्यावर मालक स्वतःच्या आवाजात ओरडायचे. गायचे म्हटलं तर गाणाऱ्यांवर अन्याय होईल. मी एकदा सुचवलं की परळीला भोंगा दुरुस्त करून मिळतो.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पन साफ आवाजात शिवी बसत न्हाई."

बेंजो सुरात लावायचाही त्यांना कंटाळा होता. "सुरात रडाया मी काय नाटकात हाय?" असं ते म्हणायचे. शिव्या मात्र वाजवतानाच देत. एरवी ते कुणाला अरे-तुरेही करत नसत. कुत्र्यालासुद्धा "सरका" म्हणायचे.

त्यांच्या या गाण्याचा एक व्हिडिओ कुणीतरी जयंतीच्या मिरवणुकीत मोबाइलवर काढला आणि तो पुण्यातल्या एका तरुणाच्या हाती लागला. त्यानं त्यावर इंटरनेटवर एक लांबलचक लेख लिहिला. लेखात मालकांना मराठवाड्याच्या फोक-पंकचा आद्य पुरुष म्हटलं होतं. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून, एखाद्याच्या आजाराचं निदान ऐकावं तसा ऐकला.

"ही पंक म्हंजे काय असतंय?"

मी म्हणालो, "विलायतेत काही पोरं होती. वाद्य धड शिकलेली नव्हती, कायम रागात असायची, आणि तोंडावर खरं बोलायची."

त्यांनी थोडा विचार केला. "मग आपलं सगळं गाव पंक हाय, सर. खरं बोलायचं तेवढं सोडा."

आता गाण्याबद्दल. मालकांचा थोरला भाऊ हलगी वाजवायचा. लग्नात, जत्रेत आणि मयतीत. मयतीचा ठेका वेगळा असतो. हे मला त्या घरात राहायला जाईपर्यंत माहीत नव्हतं, आणि गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना आजही नाही. तीन ठोके, मग एक ठोका मोकळा. मालक मांडीवर वाजवून दाखवायचे आणि मोकळ्या जागी हात वर धरून ठेवायचे. "ही जागा खांदा बदलायला हाय," ते म्हणायचे. "वाजवनाऱ्यानं थांबायचं, उचलनाऱ्यानं खांदा बदलायचा. हितं काय वाजवलं तर मयत हेलपाटते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्याला साप चावला. वस्तीची स्मशानभूमी ओढ्यापलीकडं होती आणि तिथं जायची वाट, म्हातारे सांगत तेव्हापासून, पुलावरून आणि पुढं गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावरून जायची. त्या वर्षी बांधाला तारेचं कुंपण झालं होतं. तिरडी तारेपाशी आली तेव्हा ते शेतकरी, त्यांना गाव आबा म्हणायचं, तिथं तीन माणसं घेऊन उभे होते. आबा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पीक उभं हाय. पिकातून मयत नगं. ओढ्यातून न्या."

ओढ्याला छातीइतकं पाणी होतं. मालक पुढच्या उजव्या खांद्याला होते. हा प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला, आणि तोही दाढी करताना, आरशात बघत. "मेल्यावर मानूस जड होतो, सर. समदे सांगत्यात. पन पान्यात गेला की हलका होतो. थोरला आमच्या हातातून वर उचलला. जसं काय त्याला जायचंच न्हाई. मी त्याला दाबून धरला. भावाला असा दाबून धरला मी." मग वस्तरा धुतला आणि उरलेला गाल केला.

थोरल्याच्या तेराव्याला मालकांनी बेंजो काढला. गाण्याची सुरुवात अशी होती:

वाट सोडा, वाट सोडा, थोरला निघालाय
चौघांच्या खांद्यावर आडवा झालाय

पुढं दोन कडवी ओढ्याची. शेवटचं कडवं म्हणजे हलगीला विचारलेला प्रश्न: सांग हलगे, तार कुणी ठोकली? आणि मग उत्तरादाखल चार नावं, आडनावांसकट, भोंगा आणखी फाटेल इतक्या जोरात. पहिलं नाव आबांचं. सगळं गाणं मयतीच्या ठेक्यावर, मोकळ्या जागेसकट.

मोबाइलवाल्याची बॅटरी शेवटच्या कडव्याआधी संपली होती. त्यामुळे जगाला जे गाणं मिळालं त्यात तार नव्हती आणि नावंही नव्हती. त्या अर्धवट गाण्यावर टीव्हीतल्या एका स्पर्धेतून पुढं आलेल्या गायिकेची नजर पडली. बाईंचा गळा खरोखर गोड होता. त्यांनी गाण्याचा वेग दुप्पट केला, "थोरला" काढून "नवरा" घातला, "आडवा झालाय" काढून "हसत आलाय" घातलं, आणि खांदे तेवढे ठेवले, कारण वरातीत मित्र नवरदेवाला खांद्यावर घेतातच. ठेका त्यांना फार आवडला होता. एक जागा रिकामी वाटली, तिथं टाळ्या टाकल्या.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात नवरदेव म्हणून जो कुणी मांडवात शिरला, तो मयतीच्या ठेक्यावर शिरला. वऱ्हाड टाळ्यांच्या जागी हात वर करायचं. वस्तीतले म्हातारे लग्नात जेवायला बसलेले असले तर ताटावरून उठून उभे राहायचे. इतरांना वाटायचं, त्यांनाही नाचायचंय. निवडणूक आली तेव्हा "नवरा निघालाय"चं "साहेब निघालेत" झालं. एका उमेदवाराची मिरवणूक त्या ठेक्यावर पेठेतून गेली. मालक रस्त्याच्या कडेला टोपी काढून उभे होते. उमेदवारानं हा मान हात जोडून स्वीकारला. पुढं तो पडला, पण त्याला इतर कारणं होती.

लोक मालकांना विचारायचे, "बाईंनी तुम्हाला काय दिलं?" ते या प्रश्नानं भांबावत. त्यांची तक्रार त्या बाजूची नव्हतीच. "टाळ्या काहून टाकल्या?" एवढंच ते विचारत राहायचे. "ती जागा मोकळी सोडायची असती. खांदा कुठं बदलायचा मानसानं?"

मग त्यांचा सत्कार झाला. बीडला, सभागृहात, शाल-श्रीफळ आणि गायिकाबाईंच्या हस्ते मानपत्र. सत्काराचे यजमान होते आबांचे चिरंजीव. आबा तोवर वारले होते. त्यांना वाटेनं नेलं होतं. चिरंजीवांना सगळे साहेब म्हणत. बांधालगतच्या त्याच शेतावर त्यांनी लॉन्स बांधले होते आणि लोककलेवर त्यांचं प्रेम बसलं होतं, कारण लॉन्सवर दर लग्नात ते गाणं वाजायचं. मी मालकांना विचारलं, जाणार का? ते म्हणाले, "जातो. बाईला सांगायचं हाय."

साहेबांची वाट बघण्यात सभागृह दोन तास घामाघूम झालं. सूत्रसंचालकानं मालकांना मातीतला हिरा म्हटलं, मग मातीतलं सोनं म्हटलं, मग माती या विषयावर त्याला काही सुचेना. बाईंनी मालकांच्या पाया पडून माइक त्यांच्या हातात दिला.

"बाई," मालक म्हणाले, "लई गोड गळा हाय तुमचा. पन मयत पळवत न्हाईत. जरा हळू म्हना."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माइकमधूनच विचारलं, "मयत?" मालकांनी सांगितलं. तारेचं, ओढ्याचं, थोरल्याचं, चार वाक्यांत. बाईंचा चेहरा उतरला. त्या खरोखर चांगल्या होत्या. त्यामुळेच पुढचा घोटाळा झाला. त्या म्हणाल्या, "मला शेवटचं कडवं मिळालंच नव्हतं. म्हणा ना."

आणि मालकांनी ते म्हटलं. साध्या आवाजात, बेंजोशिवाय, पण नावांच्या जागी जितकं ओरडायचं तितकं ओरडून. पहिलं नाव सभागृहात घुमलं तेव्हा त्या नावाचा मुलगा दोन खुर्च्या सोडून हातात नारळ धरून बसला होता.

एखादा दुसरा असता तर उठून गेला असता, किंवा त्यानं माइक बंद करायला लावला असता. साहेब उठले, मालकांपाशी आले, त्यांना मिठी मारली आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "आमच्या वडलांकडून कळत-नकळत काही झालं असंल तर ती वाट आज मी ह्या लोकशाहिराच्या नावानं समाजाला देतो." टाळ्या थांबेनात. अशी चलाखी मी दरबारी बखरींत वाचली होती. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होतो.

परतीच्या एसटीत मालक नारळ मांडीवर घेऊन बसले होते. बीड मागं पडलं. मग म्हणाले, "दिली म्हनले ना?"

"दिली म्हणाले."

"समद्यांपुढं म्हनले."

"हो."

"मग ऐका, सर. मी गेलो की मला वाटंनं न्या. ओढ्यातून नगं. पुतन्याला सांगितलंय, पन त्यो घाबरट हाय. तुमी शिकल्याले हायत, तुमचं ऐकतील." त्या दिवशी त्यांना मी पहिल्यांदा आनंदात पाहिलं. माझं कोण ऐकतं हे कॉलेजातल्या मुलांना विचारायला हवं होतं, पण मी हो म्हणालो.

साहेबांनी शब्द पाळला. महिन्याभरात लॉन्सच्या फाटकावर निळी पाटी लागली. तिच्यावर आधी लोकशाहीर, मग मालकांचं पूर्ण नाव, मग "पथ". वाट फाटकातून आत जायची, पार्किंगमधून सरळ जायची आणि मागच्या दारानं स्मशानभूमीकडं निघायची. ती खरोखर मोकळी होती. लग्न नसेल त्या दिवशी कुणीही जावं.

मालक रोज संध्याकाळी तिथवर फिरायला जायचे आणि पाटीखाली उभं राहून आत बघून यायचे. पार्किंगमध्ये मोटारी असल्या तर त्या मोजल्यासारखं करायचे. एकदा मी सोबत होतो. ते म्हणाले, "तिरडी निघंल का हो मधून?" आम्ही दोघांनी एका जीपच्या आणि भिंतीच्या मधली जागा पाहिली. मी म्हणालो, निघेल. ते म्हणाले, "तिरपी निघंल. खांदा बदलायला न्हाई जागा."

गायिकाबाईंचा एकदा फोन आला होता, तेही नमूद करतो. त्यांनी एका कार्यक्रमात शेवटचं कडवं घेऊन पाहिलं होतं. "काका, ते कडवं आलं की लोक नाचायचं थांबतात. खाली बसतात," त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, "बसले? मग बरुबर म्हनलात, बाई." कार्यक्रमाच्या आयोजकांना लोक बसलेले नको होते. बाईंनी ते कडवं पुन्हा घेतलं नाही, आणि मालकांनी त्यांना दोष दिला नाही. अंगणातल्या आंघोळी चालूच राहिल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली त्या आठवड्यात मालक गेले. काही दिवस ताप होता. दुपारी बाजेवर पडल्या-पडल्या गेले. बातमी कळायला आणि पाहुणे यायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना उचललं. पुतण्या पुढं हलगी वाजवत होता, तीन ठोके आणि एक मोकळा. मी मागच्या डाव्या खांद्याला होतो. वस्तीतल्या बायका ओढ्यापर्यंतच येतात, पण मावशी फाटकापर्यंत आल्या.

आत लग्न होतं. फाटक उघडं होतं, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, आणि नवरदेव नुकताच घोड्यावरून उतरून मित्रांच्या खांद्यावर चढला होता. गाणं जोरात होतं. लॉन्सच्या मॅनेजरनं, नवीन पोरगा होता, तिरडी पाहिली आणि पळत जाऊन डीजे बंद करायला लावला. मयतीचा मान राखायची रीत आमच्याकडं अजून आहे. वऱ्हाड गप्प झालं. नवरदेव वरच राहिला, कारण त्याला खाली उतरवावं की नाही हे कुणाला सुचेना. मॅनेजर हात जोडून फाटकाशी आला.

"काका, जाऊ दिलं असतं. पन मांडवातून मयत... पोरीकडचे काय म्हनतील? उद्या सकाळी मोकळं हाय."

मी म्हणालो, "ही वाट साहेबांनी समाजाला दिलीय. जाहीर."

"असंल, सर. साहेब मुंबईला हायत." त्यानं तिरडीकडं पाहिलं. "कोन वारलं?"

"ज्याचं गानं बंद केलंस, त्ये," मावशी म्हणाल्या.

त्यानं जरा विचार केला. "म्हंजे गायिकाबाईंच्या घरचं कोनी?"

त्याच्या डोक्यावर निळी पाटी होती आणि पाटीवर मालकांचं नाव होतं. मी बोट दाखवायला हात वर केला असता, पण हातानं तिरडी धरलेली होती. आतून कुणीतरी विचारलं, किती वेळ? मी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्या ओढ्याकडं पाहत होता.

"मालक म्हणाले होते, ओढ्यातून नको," मी मावशींना म्हणालो.

"त्ये लई म्हनायचे," मावशी म्हणाल्या. "चला आता. परत चालू करतील."

ओढ्याला छातीच्या वर पाणी होतं, आणि गार. पुतण्यानं हलगी भिजू नये म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, त्यामुळे वाजवायला हात उरला नाही. मधोमध पोचलो तेव्हा तिरडी खांद्यावरून हलकी झाली. हे मला आधी सांगितलेलं होतं, तरी मी दचकलो. मालकांना मी दाबून धरलं. त्याच वेळी पलीकडं गाणं पुन्हा लागलं. मधे तुटलेलं गाणं डीजेवाले पहिल्यापासून लावतात. ठेका मालकांचाच होता, फक्त आमच्या पायांपेक्षा दुप्पट वेगाचा. आमचं एक पाऊल पडेपर्यंत तिकडं टाळ्या होऊन जायच्या. एकदा पुढचा माणूस अडखळला आणि "खांदा, खांदा" म्हणाला. आम्ही टाळ्यांवर खांदा बदलला. दुसरी जागा नव्हती.

अग्नी दिला आणि त्याच ओढ्यातून परत आलो. गळ्यापर्यंत भिजलेले होतो, पण मावशींनी कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. अंगणात पिंपापाशी एकेकानं आंघोळ केली आणि लिंबाचा पाला चावला. भाडेकरू म्हणून माझा नंबर शेवटचा होता. तो आला तेव्हा पिंप रिकामं झालं होतं.